ग्राफिक्स कार्डचा रिव्ह्यू: चांगला प्रयोग, घाईचा निष्कर्ष



पेट किंवा सेटची तयारी करताना आपण 'आंतरिक वैधता', 'बाह्य वैधता', 'नियंत्रित चल' असे शब्द पाठ करतो. चार पर्याय समोर आले की बरोबर खूणही करतो. पण एखादा खरा अभ्यास हातात पडला की हे शब्द त्यात कुठे बसतात ते काही दिसत नाही. माझं पहिल्या वर्षी अगदी हेच झालं होतं. म्हणून आज शोधनिबंध बाजूला ठेवू आणि तुमच्यातल्या अनेकांनी आधीच पाहिलेली गोष्ट घेऊ: ग्राफिक्स कार्डचा रिव्ह्यू. तो एक छोटा प्रयोगच असतो. त्यात प्रश्न असतो, साधनं असतात, मोजमाप असतं, आलेख असतात आणि निष्कर्षही असतो. मग त्याची समीक्षा शोधनिबंधासारखीच करायला काय हरकत आहे?

प्रश्न कुठून आला

मे महिन्यात गावी, वाटूरला गेलो होतो. माझ्या मावसभावाचं घराच्या पुढच्या खोलीत ऑनलाइन सेवा केंद्र आहे. दिवसभर सातबारा, उत्पन्नाचे दाखले, परीक्षांचे फॉर्म. जुलैत पीक विम्याची झुंबड. रात्री शटर ओढलं की त्याच कॉम्प्युटरवर गेम. नवव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० हे ४ जीबीचं कार्ड, ४५० वॉटचा एसएमपीएस आणि २४ इंची १०८०पी मॉनिटर.

घरात नुकताच ४३ इंची फोर-के टीव्ही आला होता. त्यावर गेम खेळायचे म्हणून त्याने ४० हजार रुपये बाजूला काढले होते. मला म्हणाला, "दादा, फोर-केसाठी कोणतं कार्ड घेऊ? यूट्यूबवाले तर सगळेच येगळं येगळं सांगायलेत."

मी त्याला कार्डाचं नाव सांगितलं नाही. सांगता आलंही नसतं. दोन रात्री बसून आम्ही तीन रिव्ह्यू वाचले आणि प्रत्येकाबद्दल एकच गोष्ट वहीत लिहिली: हा रिव्ह्यू नक्की कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो?

आधी चांगलं काय ते

समीक्षा म्हणजे चुका काढणं नव्हे, म्हणून आधी जमेची बाजू बघू. चांगल्या रिव्ह्यूमध्ये प्रोसेसर, रॅम, ड्रायव्हरची आवृत्ती, गेमची सेटिंग हे सगळं लिहिलेलं असतं. तोच प्रसंग दोन-तीनदा चालवून आकडे घेतले जातात. दुसऱ्या कुणाला तीच चाचणी परत करता येते, आणि लोक ती करतातही. खरं सांगू? आपल्याकडच्या कितीतरी प्रबंधांच्या तिसऱ्या प्रकरणात एवढा तपशील नसतो.

दुसरी गोष्ट: बहुतेक मोठे रिव्ह्यूकार सगळी कार्डं बाजारातल्या सर्वांत वेगवान गेमिंग प्रोसेसरवर तपासतात. नोव्हेंबर २०२४ नंतर बऱ्याच ठिकाणी रायझेन ७ ९८००एक्स३डी दिसतो. नवखा वाचक चिडतो: "एवढा महाग प्रोसेसर कुणाकडे असतो?" पण पद्धत म्हणून हे बरोबर आहे. प्रोसेसर कमी पडला तर सगळी कार्डं सारखीच दिसतील, कार्डांमधला फरक मोजताच येणार नाही. बाकीचे अडथळे दूर करून एकाच चलाचा परिणाम पाहणं, यालाच आपण आंतरिक वैधता म्हणतो.

मग बिघडतं कुठे? ते पुढे बघू. त्याआधी मोजमाप.

सरासरीच्या आत काय दडतं

रिव्ह्यूतला मुख्य आकडा म्हणजे एफपीएस, एका सेकंदात पडद्यावर आलेली चित्रं. ६० एफपीएस म्हणजे प्रत्येक चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद. पण हे 'साधारण' फार फसवं आहे. समजा, 'अ' कार्डाने एका सेकंदात ६० चित्रं सारख्या अंतराने दिली. 'ब' कार्डाने ५९ चित्रं १२-१२ मिलिसेकंदात काढली, म्हणजे ७०८ मिलिसेकंद झाले. आणि उरलेलं एक चित्र २९२ मिलिसेकंद अडकलं. दोन्हींचा एफपीएस ६०. पण 'ब'वर खेळणाऱ्याला मधेच झटका बसतो, आणि नेमक्या त्याच क्षणी वळण असेल तर गाडी भिंतीवर.

मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. हंगामाची सरासरी गाठली तरी मधे एकवीस दिवसांचा खंड पडला की सोयाबीन जातं. पावसाच्या एकूण आकड्यात तो खंड दिसत नाही. माझा विषय भूगोल, त्यातही पाऊस. तरी पहिल्या प्रगती सादरीकरणात मी फक्त सरासरीचेच तक्ते लावले होते. मार्गदर्शक मॅडमनी एकच विचारलं, "खंड कुठे आहेत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचे चार महिने दैनंदिन नोंदी पुन्हा काढण्यात गेले.

ग्राफिक्स कार्डांच्या दुनियेत हाच प्रश्न २०११ मध्ये 'द टेक रिपोर्ट' या संकेतस्थळावर स्कॉट वॉसन यांनी ठामपणे मांडला. सेकंदाच्या आत डोकावून प्रत्येक चित्राला लागलेला वेळ मोजला पाहिजे, हे त्यांचं म्हणणं. पुढे ते इतकं रुजलं की आज सरासरीशेजारी 'एक टक्का लो' हा आकडा जवळपास सगळीकडे असतो. मात्र इथेही जपून. कुणी सर्वांत संथ एक टक्का चित्रांची सरासरी काढतं, तर कुणी ९९वं शतमान घेतं. नाव एकच, व्याख्या दोन. म्हणून एका रिव्ह्यूतला 'लो' दुसऱ्या रिव्ह्यूतल्या 'लो'शी थेट ताडून बघू नका.

आणखी एक छुपी सरासरी शेवटच्या आलेखात असते: 'बारा गेममधली एकूण कामगिरी'. दोनच गेम घेऊन बघा. हलक्या गेममध्ये 'अ' ३०० आणि 'ब' २४०. जड गेममध्ये 'अ' ४० आणि 'ब' ६०. साधी सरासरी काढली तर 'अ' १७० आणि 'ब' १५०, म्हणजे 'अ' पुढे. भूमितीय मध्य काढला तर 'अ' सुमारे ११० आणि 'ब' १२०, म्हणजे 'ब' पुढे. आकडे तेच, विजेता बदलला. हलक्या गेममधले मोठे आकडे साध्या सरासरीला आपल्याकडे ओढतात. रिव्ह्यूकाराने कोणता मध्य वापरला ते लिहिलं नसेल, तर तो आलेख सोडून द्या आणि तुमच्या गेमचा आलेख शोधा.

एकच चल बदललं का?

फोर-केकडे जाताना सगळे विचारतात: कार्डावर मेमरी किती हवी? १०८०पीमध्ये सुमारे २०.७ लाख पिक्सेल, १४४०पीमध्ये ३६.९ लाख आणि फोर-केमध्ये ८२.९ लाख. म्हणजे काम बरोबर चौपट. मेमरीचा वापरही वाढतो, पण चौपट नाही, कारण तिचा मोठा वाटा भिंती, कपडे, झाडं यांच्या पोताला जातो आणि तो पोत तुम्ही निवडलेल्या दर्जावर ठरतो.

मेमरीचा परिणाम तपासायचा तर बाकी सगळं सारखं हवं. २०१६च्या जीटीएक्स १०६०च्या दोन आवृत्त्या होत्या, ३ जीबी आणि ६ जीबी. नावावरून वाटतं की फरक फक्त मेमरीचा. पण ३ जीबीवालीत गणनेचे कोअरही कमी होते: १२८० ऐवजी ११५२. तिथे फरक दिसला तर श्रेय कुणाला द्यायचं? दोन चलं एकदम बदलली की उत्तर मिळत नाही.

याउलट २०२३ मधलं आरटीएक्स ४०६० टीआय बघा. ८ आणि १६ जीबी, चिप तीच, कोअर ४३५२च, मेमरीची वाटही तीच १२८ बिटची. संशोधकाला आयती मिळालेली जोडी! बऱ्याच गेममध्ये दोघांचे आकडे जवळजवळ सारखे येतात. पण पोत उंच ठेवून मेमरी भरली की ८ जीबीवालं झटके देऊ लागतं. आणि काही गेममध्ये तर याहून अवघड प्रकार होतो: एफपीएस तसाच राहतो, पण समोरच्या भिंतीवरचं चित्र धूसर दिसतं, कारण गेम गुपचूप हलका पोत वापरतो. आलेख म्हणतो सगळं ठीक. डोळा म्हणतो नाही. तुम्ही मोजत असलेला आकडा आणि तुम्हाला हवी असलेली गोष्ट एकच आहे का, हा प्रश्न प्रश्नावली बनवतानाही असाच विचारायचा असतो.

इथे रिव्ह्यूंची एक जुनी चूकही सांगायला हवी. सप्टेंबर २०१४ मध्ये जीटीएक्स ९७० आलं, ४ जीबीचं म्हणून. पहिल्या रिव्ह्यूंनी भरभरून कौतुक केलं. जानेवारी २०१५ मध्ये उघड झालं की त्यातली शेवटची अर्धा जीबी मेमरी बाकीच्यांपेक्षा खूप संथ आहे. वापरणाऱ्यांना विचित्र आकडे दिसले, त्यातून हे बाहेर आलं. कंपनीचा तपशीलतक्ता रिव्ह्यूकारांनी तपासलेली माहिती असल्यासारखा छापला होता. दुय्यम स्रोत न तपासता घेतला की असंच होतं.

'फोर-के' या शब्दाची व्याख्या

आता भावाचा मूळ शब्द: फोर-के. आजच्या रिव्ह्यूमध्ये 'फोर-केला ८० एफपीएस' असं लिहिलेलं असेल तर लगेच विचारा, चित्र आतून किती पिक्सेलचं काढलं? डीएलएसएस 'क्वालिटी'वर ठेवलं तर फोर-के पडद्यासाठी कार्ड १४४०पी चित्र काढतं आणि वाढवून दाखवतं. 'परफॉर्मन्स'वर ठेवलं तर आतलं चित्र १०८०पीचं, म्हणजे पाव हिस्सा. दिसायला ते बरेचदा चांगलं दिसतं. वापरू नये असं मी म्हणत नाही. पण खऱ्या फोर-केचा आणि वाढवलेल्या फोर-केचा आकडा एका आलेखात शेजारी बसवणं म्हणजे दोन वेगळ्या प्रश्नपत्रिकांचे गुण एका गुणवत्ता यादीत घालणं.

२०२२ पासून त्यात 'फ्रेम जनरेशन' आलं: दोन खऱ्या चित्रांच्या मधे एक बनवलेलं चित्र. मोजणारा आकडा वाढतो, हालचाल मऊ दिसते. पण तुम्ही बटण दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ त्याने कमी होत नाही. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ५०७० हे आधीच्या आरटीएक्स ४०९० इतकी कामगिरी देईल असं मंचावरून सांगितलं. नव्या कार्डाच्या आकड्यात एका खऱ्या चित्रामागे अनेक बनवलेली चित्रं धरली होती. जुन्या कार्डाला ती सोय नाही. दावा खोटा म्हणता येणार नाही कदाचित, पण 'कामगिरी' या शब्दाची व्याख्या दोन बाजूंना वेगळी होती.

आकडे सजवण्याची ही सवय जुनीच. २००१ मध्ये एटीआयच्या रेडिऑन ८५०० कार्डाचा ड्रायव्हर 'क्वेक ३' हा गेम नावावरून ओळखायचा आणि चित्राचा दर्जा कमी करून वेग वाढवायचा. तपासणाऱ्यांनी फाइलमधलं 'क्वेक' बदलून 'क्वॅक' केलं आणि वेग खाली आला. मला ही चाचणी फार आवडते. खर्च शून्य, एकच चल बदललं, आणि उत्तर स्पष्ट.

जाता जाता हितसंबंधांबद्दल. बाजारात येण्याआधीचं कार्ड रिव्ह्यूकाराला बहुतेक वेळा कंपनीच देते. डिसेंबर २०२० मध्ये एनव्हिडियाने 'हार्डवेअर अनबॉक्स्ड' या चॅनेलला आपली कार्डं पाठवणं बंद करणार असं कळवलं, कारण ते रे ट्रेसिंगला पुरेसं महत्त्व देत नाहीत म्हणे. टीका झाल्यावर काही दिवसांत निर्णय मागे घेतला. चॅनेलने बाजू बदलली नाही, हे चांगलं. पण 'साहित्य कुणी पुरवलं' ही ओळ रिव्ह्यूत आहे का, ते बघायची सवय ठेवा.

प्रयोगशाळा तिथे, कॉम्प्युटर वाटूरला

आता माझा मुख्य आक्षेप. इतकं सगळं नीट करून बरेच रिव्ह्यू शेवटी एक वाक्य लिहितात: 'हे फोर-के गेमिंगचं कार्ड आहे, घ्या.' इथे त्यांचा पाय घसरतो. प्रयोगाने उत्तर दिलं 'या कार्डांमध्ये फरक किती' या प्रश्नाचं. वाचकाचा प्रश्न आहे 'माझ्या घरी काय मिळेल'. ज्या नियंत्रणामुळे पहिलं उत्तर भक्कम झालं, त्याच नियंत्रणामुळे दुसरं उत्तर दूर गेलं. बाह्य वैधतेचा प्रश्न म्हणतात तो हाच.

भावाच्या घरी आम्ही एक साधी चाचणी केली. सेटिंग तीच ठेवून फक्त रेझोल्यूशन उतरवत गेलो. प्रत्येक वेळी तोच प्रसंग, तीन-तीनदा. गाड्यांच्या गेममध्ये रेझोल्यूशन उतरवलं की एफपीएस भराभर वाढत गेला. म्हणजे तिथे कार्डच कमी पडत होतं. पण गर्दीच्या शहरातल्या त्याच्या दुसऱ्या गेममध्ये १०८०पीला ५२ आणि ७२०पीला ५४. काम निम्म्याहून कमी झालं तरी आकडा जागचा हलला नाही. म्हणजे अडथळा कार्डाचा नाही, प्रोसेसरचा. त्या सेटिंगला त्या गेममध्ये कितीही भारी कार्ड लावलं तरी ५४च्या आसपासच अडकणार. कोणताही रिव्ह्यू त्याला हे सांगू शकला नसता, कारण कुणीच त्याच्या प्रोसेसरवर चाचणी घेतली नव्हती.

दुसरं, उष्णता. समजा २२ अंशांच्या वातानुकूलित खोलीत एखादं कार्ड ७० अंशांवर चालतं, म्हणजे खोलीपेक्षा ४८ अंश जास्त. मे महिन्यात पत्र्याखालच्या ४० अंशांच्या खोलीत तोच फरक धरला तर ८८ होतात. प्रत्यक्षात पंखा ओरडायला लागतो आणि कार्ड स्वतःचा वेग कमी करून घेतं. मग रिव्ह्यूतला आकडा कुठून मिळणार?

तिसरं, वीज. जीटीएक्स १६५० चं काम ७५ वॉटमध्ये भागतं, बहुतेक मॉडेलना वेगळी केबलही लागत नाही. आरटीएक्स ४०६० टीआय १६० वॉटच्या आसपास घेतं. ४५० वॉटचा जुना, साधा एसएमपीएस कागदावर पुरेल. पण तो पाच वर्षं आमच्याकडच्या चढउतार होणाऱ्या विजेवर चालला आहे. तो जुलैच्या शेवटच्या आठवड्यात गेला तर नुकसान गेमचं नाही, पीक विम्याच्या रांगेचं आहे. रांगेतल्या माणसांचंही आहे. हे मी बोललो तेव्हा भाऊ पहिल्यांदा गप्प झाला.

मुळात गरज आहे का?

शेवटचा प्रश्न आम्ही खरं तर सगळ्यात आधी विचारायला हवा होता. निरोगी डोळ्याला साधारण एका कोनीय मिनिटाइतका तपशील वेगळा दिसतो. अडीच मीटरवरून हे अंतर सुमारे ०.७३ मिलिमीटर भरतं. ४३ इंची पडद्यावर १०८०पीचा एक पिक्सेल सुमारे ०.५ मिलिमीटरचा, फोर-केचा त्याच्या निम्मा. म्हणजे बैठकीतल्या सोफ्यावरून १०८०पीचेच ठिपके वेगळे दिसत नाहीत! हलत्या कडांची थरथर मात्र जाणवू शकते, त्यामुळे फरक अगदी शून्य नाही. पण टेबलावरच्या २४ इंची मॉनिटरचं गणित उलट आहे. ६० सेंटिमीटरवरून डोळ्याची मर्यादा ०.१७ मिलिमीटर, आणि १०८०पीचा पिक्सेल ०.२८चा. जिथे जास्त रेझोल्यूशन खरंच दिसलं असतं तिथे तो १०८०पी वापरत होता, आणि जिथे फारसं दिसत नाही तिथे फोर-केसाठी पैसे घालणार होता.

त्याने शेवटी काय केलं? आधी चांगला एसएमपीएस आणि कॅबिनेटला दोन पंखे. कार्ड आणि १४४०पी मॉनिटर दिवाळीनंतर, विम्याचा हंगाम पार पडल्यावर. टीव्हीवर मावशी मालिका बघते, तेवढं पुरे आहे म्हणाला. कोणतं कार्ड ठरलं ते इथे लिहीत नाही. ते त्याच्या खोलीचं, त्याच्या प्रोसेसरचं उत्तर आहे.

तुमच्यासाठी गृहपाठ. कुठलाही एक रिव्ह्यू घ्या आणि पाच ओळी लिहा: प्रश्न काय होता, काय स्थिर ठेवलं, काय मोजलं आणि कोणत्या व्याख्येने, साहित्य कुणी दिलं, आणि निष्कर्षातलं कोणतं वाक्य आकड्यांच्या पुढे धावलं. मग तेच तुमच्या विषयातल्या एका शोधनिबंधावर करा. पाचवी ओळ लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागेल, आणि मुलाखतीत तुम्हाला विचारलं जातं ते बहुतेक तिथलंच.

पुढच्या लेखात नमुना निवडीबद्दल बोलू. तोपर्यंत तुमच्या पाच ओळी मला जरूर पाठवा.